सहावा मजला

पेन्सिलीनं लिहिलेले तीनच शब्द होते, तेही पानाच्या अगदी कडेला. असं झालं नाही. खाली एक रेघ, पट्टी ठेवून ओढावी तशी सरळ. ग्रंथालयातल्या कपाटासमोर उभी राहून ती आपलंच पुस्तक चाळत होती, आणि चाळताना कुणी बघत नाही ना म्हणून दोनदा मान वळवून झाली होती. छप्पन्न वर्षांच्या बाईनं आपलं पुस्तक किती जणांनी घरी नेलं हे मागच्या तारखांवरून मोजत बसणं ही काही मिरवायची गोष्ट नव्हती. दोन वर्षांत नऊ जणांनी नेलं होतं. नऊ वाईट नाही, असं ती मनाशी म्हणत होती, तेवढ्यात मधलं पान उघडलं आणि पायरी आहे समजून पाऊल टाकावं नि पायरी नसावी, तसं तिच्या पोटात झालं. त्या शब्दांच्या शेजारच्या ओळी तिला पाठ होत्या. तिलाच काय, तिचं थोडंफार वाचलेल्या सगळ्यांना तेवढ्याच ओळी पाठ होत्या. मोठ्या कचेरीतली जुनी जाळीच्या दाराची लिफ्ट. रांगेत बादली घेऊन उभी असलेली म्हातारी सफाईवाली. तिच्या पुढे घुसणारे बडे साहेब. लिफ्टमन दारावर हात आडवा धरतो आणि म्हणतो, ‘साहेब, ह्या बाई आधी उभ्या आहेत.’ साहेब विचारतात, ‘मला ओळखतोस का तू?’ ‘ओळखतो की,’ लिफ्टमन म्हणतो. ‘सहावा मजला.’ त्याच संध्याकाळी त्याची नोकरी जाते.

तो लिफ्टमन म्हणजे तिचे बाबा. हे तिनं कधी लपवलं नव्हतं. उलट जिथं संधी मिळेल तिथं सांगितलं होतं, की त्या दोन शब्दांत माझं काहीच नाही, ते बाबांचे आहेत, मी फक्त उतरवून घेतले. आणि आता कुणीतरी ग्रंथालयाच्या पुस्तकात, इतरांनी वाचावं म्हणून ठेवलेल्या पुस्तकात, बिनदिक्कत लिहून गेलं होतं की असं झालं नाही. कुणीतरी कसलं. अक्षर तिनं पहिल्या नजरेतच ओळखलं होतं. जुन्या वळणाचा झ, आणि ह असा की शेवटी त्याला शेपूट फुटल्यासारखं वाटावं. लहानपणी ह्याच अक्षरात तिच्या वह्यांच्या कडेला ‘पुन्हा पाहा’ असायचं, ‘घाई’ असायचं, आणि एकदा तर, नदीचा उगम चुकीच्या डोंगरात दाखवला म्हणून, ‘नदी वर चढते का?’ असं होतं. तिची ताई. आठ वर्षांनी मोठी, पुढे शाळेत छत्तीस वर्षं भूगोल शिकवून निवृत्त झालेली. दोन वर्षांपूर्वी पुस्तक निघालं तेव्हा तिनं पहिली प्रत ताईच्या हातात दिली होती. ताई म्हणाली होती, ‘वाचते सवडीनं.’ त्यानंतर चकार शब्द नाही. पुस्तक ताईच्या बैठकीच्या खोलीत नकाशांच्या शेजारी इतकं नीट उभं होतं की ते उघडलेलं नाही हे दारातूनच दिसायचं. ह्या एका गोष्टीचा राग तिनं दोन वर्षं जिवापाड जपला होता. आणि बाईसाहेबांनी वाचलं होतं तर. स्वतःची प्रत तशीच कोरी ठेवून, ग्रंथालयाची प्रत घरी नेऊन, हातात पेन्सिल धरून वाचलं होतं.

‘तुम्ही इथं आहात होय,’ मागून ग्रंथपाल म्हणाले. ते सडपातळ गृहस्थ होते आणि बोलताना आवाज इतका खाली ठेवायचे की ऐकणाऱ्याला आपणच काही गुन्हा केल्यासारखं वाटावं. तिनं पुस्तक मिटलं, पण कपाटात न ठेवता काखेत धरलं. त्यांनी एक कागद पुढे केला. त्यावर आजच्या कार्यक्रमाचे तीन भाग लिहिलेले होते. एक, प्रेरणा. दोन, लेखनाच्या सवयी. तीन, नव्या लेखकांना सल्ला. ‘पंधरा पंधरा मिनिटं धरलीत,’ ते म्हणाले, ‘मग प्रश्नोत्तरं. लोक येतायत. चाळीसेक तरी होतील.’ चाळीस ऐकून तिनं मोरी कुठं आहे ते नजरेनं शोधलं. हे नेहमीचंच होतं. चार माणसांसमोर बोलायचं म्हटलं की तिला आधी मोरीत जाऊन तोंडावर पाणी मारावं लागायचं. म्हणून तर ती सगळीकडे तासभर आधी पोचायची. ‘आणि एक विनंती,’ ग्रंथपाल म्हणाले, ‘तो लिफ्टचा प्रसंग जरूर सांगा. लोकांना तो फार आवडतो.’ सांगेन, ती म्हणाली. मुद्दाम सांगेन, असं तिच्या मनात आलं, आणि मोरीत जायचं राहूनच गेलं. रागाचा हा एक गुण तिला ठाऊक होता, की तो भीतीच्या वाटणीची जागा घेतो.

खोलीत एका बाजूला मासिकांची कपाटं होती आणि मध्ये सरळ रांगांत खुर्च्या लावल्या होत्या. बसलेल्यांत बरेच जण तरुण होते, वह्या उघडून, पेनं सरसावून. ही तरुण मंडळी आपल्याकडून काय न्यायला आली आहेत हे तिला दिसत होतं आणि ते आपल्याजवळ नाही हेही ठाऊक होतं. तिनं कागद उलटा करून ठेवला. ‘प्रेरणा वगैरे मला काही माहीत नाही,’ तिनं सुरुवात केली, ‘मी कवळ्या करते.’ कुणीतरी हसलं. खरंच होतं ते. एकतीस वर्षं ती दातांच्या एका प्रयोगशाळेत काम करत होती. डॉक्टरांकडून माणसांच्या तोंडाचे ठसे यायचे, ती त्यात प्लास्टर ओतायची, साचे काढायची, मेणात दात लावायची. माणूस कधी दिसायचा नाही. नुसतं तोंड यायचं, खोक्यात बसून, वर एक क्रमांक. पण वर्षानुवर्षं तोंडं हाताळली की कळायला लागतं, की हा माणूस झोपेत दात खातो, हिनं दुखणाऱ्या बाजूनं चावायचं टाळत टाळत अर्धं आयुष्य काढलंय, ह्या माणसाचा दात जाऊन दहा वर्षं झाली तरी जीभ अजून तिथंच जाते, कारण घासून घासून तिथली कड गुळगुळीत झालीय. ‘तुम्ही विचारता गोष्ट कुठून येते,’ ती म्हणाली, ‘माझ्याकडे ती खोक्यात येते.’ आता सगळेच हसले. ती पुढे म्हणाली की सवयींचं म्हणाल तर प्लास्टर ओतल्यापासून घट्ट होईपर्यंत जो वेळ असतो तेवढाच मी लिहिते. त्यात बोटं वाळवायची, ठोकळ्यावर वही ठेवायची, आणि लिहायचं. ते घट्ट झालं की उठायचं, वाक्य अर्धं असलं तरी. अर्ध्या वाक्यावरून उठलेलं माणूस परत येतंच. पहाटे उठून डोंगराकडे तोंड करून बसणारे असतील, त्यांना माझा नमस्कार, पण माझी खिडकी समोरच्या इमारतीच्या पाइपांवर उघडते आणि ते पाइप मला पुरतात.

बोलता बोलता तिच्या लक्षात येत होतं की आज आवाज चढा लागतोय. काखेतलं पुस्तक आता टेबलावर होतं आणि तिचा तळवा त्यावर दाबून ठेवलेला होता, आतलं काही उडून जाईल असा. सल्ल्याच्या भागाला ती म्हणाली, ‘सल्ला एकच. दुसऱ्याच्या तोंडात आपले दात बसवू नका. माणूस त्याच्या चावण्यानं चावू दे. तुम्हाला शहाणं वाक्य सुचलं असेल तर ते स्वतःच्या नावावर बोला, बिचाऱ्या पात्राच्या गळ्यात मारू नका.’ वह्यांवर पेनं चालली. पुढच्या रांगेतल्या एका मुलीनं हात वर केला. ‘पण मग ते सहावा मजला?’ तिनं विचारलं. ‘एखादा लिफ्टमन, नोकरीवर पाणी सोडायच्या क्षणी, इतकं नेमकं बोलेल? मला ते वाक्य खूप आवडतं. पण वाचताना वाटलं, हे लेखकानं सुचवलेलं आहे.’ मुलगी उद्धट नव्हती, खरोखरच विचारत होती. ग्रंथपालांनी घसा खाकरला. आणि तिनं, तळव्याखाली ते पान असताना, सरळ मुलीच्या डोळ्यांत बघून सांगितलं, ‘ते माझे वडील होते. शब्दन्‌शब्द असंच झालं. त्यानंतर त्यांनी आयुष्यभर लिफ्टमध्ये पाऊल टाकलं नाही. माझी प्रयोगशाळा चौथ्या मजल्यावर आहे, सत्तराव्या वर्षी जिने चढून मला भेटायला यायचे, कठड्याला धरून, धापा टाकत. मी म्हणायची, बाबा, लिफ्ट आहे. ते म्हणायचे, आपलं जमत नाही तिच्याशी. असली माणसं असतात. तुम्ही पाहिली नसतील, एवढंच.’ टाळ्या झाल्या. मुलीनं मान डोलावली आणि काहीतरी लिहून घेतलं.

जे तिनं सांगितलं नाही ते असं. ज्या दिवशी बाबांची नोकरी गेली त्याच दिवशी शाळेत तिच्या हातून वर्गातल्या घड्याळाची काच फुटली होती. ती नऊ वर्षांची होती. बाईंनी विचारलं, कुणी फोडली, आणि ती गप्प बसली, आणि भलतीच मुलगी दिवसभर वर्गाबाहेर उभी राहिली. घरी येताना तिनं ठरवलं होतं की बाबांना सगळं सांगायचं. बाबा रागावणार नाहीत, उद्या शाळेत बरोबर येतील. पण घरी आली तर बाबा भिंतीकडे तोंड करून खाटेवर पडलेले, आई अजून दवाखान्यातल्या पाळीवरून आलेली नाही, आणि ताईनं तिला स्वयंपाकघरात ओढून नेऊन दार लोटलं आणि ती गोष्ट सांगितली. म्हातारी, बादली, साहेब, सहावा मजला. ‘म्हणून बाबा दमलेत,’ ताई म्हणाली. ‘त्यांना काही विचारू नकोस.’ ज्या माणसानं साहेबांपुढे हात आडवा धरला त्याला घड्याळाच्या काचेचं काय सांगणार? त्या दिवसापासून घरात एक शूर माणूस होता आणि एक भित्रं, आणि भित्रं कोण हे फक्त तिला माहीत होतं. पुढे तिनं जे काही लिहिलं ते त्यातूनच आलं असावं. प्रत्यक्षात जिथं जिथं तिची जीभ टाळ्याला चिकटली तिथं तिथं कागदावर तिची माणसं तोंड उघडून बोलली. प्रेरणा म्हणून चाळीस लोकांना सांगण्यासारखं हे एवढंच तिच्याजवळ होतं, आणि ते सांगायची तिची कधी छाती झाली नव्हती.

कार्यक्रम संपल्यावर तिनं रीतसर नोंद करून आपलंच पुस्तक घरी नेण्यासाठी घेतलं. ग्रंथपाल चकित झाले, पण नियमाचे पक्के, त्यांनी तारखेचा शिक्का मारून दिला. दहावा वाचक. ताईचं घर तिथून चार चौक पुढे. ती चालतच निघाली. दुकानांच्या पाट्यांवर अजून ऊन होतं, एक जण काचेच्या दाराला आतून फडकं मारत होता, आणि ती वाटभर ताईशी भांडत होती. तू होतीस का तिथं? तू कॉलेजात होतीस, बाबा लिफ्टमध्ये होते. मग तुला काय ठाऊक, असं झालं नाही म्हणून? आणि ठाऊक होतं तर तूच मला का सांगितलंस? हा शेवटचा प्रश्न मनात उमटला तशी ती रस्त्यात थांबली. मागून येणारा माणूस तिला धडकता धडकता वाचला. ही गोष्ट तिनं पहिल्यांदा बाबांच्या तोंडून ऐकलीच नव्हती. बाबांनी ती सांगितली, पण नंतर, पुष्कळ नंतर, पाहुण्यांपुढे वगैरे, आणि तेव्हाही सांगताना ते ताईकडे बघायचे. तिला वाटायचं ते कौतुकानं बघतात.

ताईनं दार उघडलं. चष्मा कपाळावर, हातात शब्दकोड्याचा कागद. ‘ये. झालं का तुझं भाषण?’

‘झालं,’ ती म्हणाली, आणि चपला काढायच्याही आधी पुस्तक ताईच्या पुढ्यात धरलं, पान उघडून. ‘हे काय आहे?’

ताईनं चष्मा खाली ओढला, पाहिलं, आणि अजिबात गडबडली नाही. ‘पुस्तकात लिहू नये, हे कळतं मला. पोरींना छत्तीस वर्षं तेच सांगितलं. पण राहवलं नाही.’

‘मला सांगता आलं नसतं?’

‘तुला सांगितलं असतं तर तू वाद घातला असतास. पुस्तक वाद घालत नाही.’

‘आणि मी दिलेली प्रत?’

‘त्यात लिहिलं असतं तर मलाच रोज दिसलं असतं.’ ताई आत वळली. ‘बस. चहा टाकते.’

‘चहा नको. काय झालं नाही, ते सांग.’

ताईनं तरीही चहा टाकला. पातेलीकडे तोंड करून, पाठमोरी, शाळेत फळ्याकडे वळून बोलावं तशी ती बोलली. बाबांची नोकरी कुणी काढून घेतली नव्हती. लिफ्ट बंद पडली होती. तिसऱ्या आणि चौथ्या मजल्यांच्या मध्ये, दिवे गेलेले, आत चार माणसं आणि बाबा. त्यांत टायपिंग करणाऱ्या एक बाई होत्या, त्यांना दमा होता. धोक्याची घंटा बाबांच्या हाताशीच होती. बाबांनी ती वाजवली नाही. ते खाली बसले, कोपऱ्यात, कानांवर हात घेऊन, आणि लहान मुलासारखे रडायला लागले. घंटा शेवटी दुसऱ्या कुणीतरी अंधारात चाचपून वाजवली. पाऊण तासानं दार उघडलं तेव्हा सगळ्यांत आधी बाबा बाहेर पडले, त्या बाईंना ढकलून. बाई पडल्या, त्यांचं कोपर फुटलं. ‘कचेरी माझ्या कॉलेजच्या समोरच,’ ताई म्हणाली, ‘शिपाई मला बोलवायला आला. मी गेले तर बाबा जिन्याच्या पायरीवर बसलेले. आणि त्यांच्या शेजारी, पायरीवर, सहाव्या मजल्यावरचे ते साहेब. पाण्याचा ग्लास घेऊन. बाबांच्या पाठीवरून हात फिरवत होते. मला म्हणाले, दोन दिवस विश्रांती घेऊ दे त्यांना, मग फाटकावर काम देतो, लिफ्ट नको. बाबाच परत गेले नाहीत.’ ती गॅसपाशी तशीच उभी राहिली. ‘बसमधून उतरल्यावर बाबांनी मला विचारलं, टिल्लीला काय सांगायचं? तू तेव्हा एवढीशी होतीस. तर मी त्यांना म्हटलं, मी सांगते. बस स्टॉपपासून घरापर्यंत येता येता मी ते सगळं रचलं. म्हातारी, बादली. सहावा मजला हे माझं आहे, टिल्ले. बाबांचं नाही. आणि तो चांगला माणूस मीच दुष्ट केला, कारण गोष्टीत कुणीतरी दुष्ट लागतो, एवढं मला कळत होतं. तेव्हा ते घरातच होतं. आता तू छापलंस. तो माणूस असेल नसेल, त्याची मुलंबाळं असतील. कुणीतरी कुठंतरी लिहून ठेवायला नको का, की असं झालं नाही?’

ती स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. तिला राग यायला हवा होता आणि तो येत नव्हता; त्याऐवजी तिला आपलं मनगट जाणवत होतं, डावं मनगट, हाडाच्या वर. अकरा वर्षांपूर्वी इस्पितळात बाबांना शस्त्रक्रियेसाठी वरच्या मजल्यावर न्यायचं होतं, ढकलगाडीवरून, आणि गाडी लिफ्टमध्ये घातली तेव्हा बाबांनी तिचं मनगट धरलं. धरलं म्हणजे आवळलं. चार दिवस बोटांचे वळ होते. तोंडाला नळी होती, ते नुसते वर दिव्याकडे बघत होते, आणि ती खाली वाकून, वॉर्डबॉयलाही ऐकू जाईल असं, हसत म्हणाली होती, बाबा, आता तरी जुनी भांडणं सोडा. त्या शस्त्रक्रियेतून ते परत आले नाहीत. त्यांच्याशी बोललेलं तिचं शेवटचं वाक्य ते होतं, आणि ते तिनं पुढे दोन मुलाखतींत सांगितलं होतं, बापाच्या ताठ कण्याचा नमुना म्हणून. चौथा मजला, कठड्यावरचा हात, धापा, आपलं जमत नाही तिच्याशी. एकेक गोष्ट जागच्या जागी उलटी होत गेली. कठडा धरून चढणारा म्हातारा तोच होता, फक्त तो आता अभिमानानं चढत नव्हता. घाबरलेला होता, आणि तरी चार मजले चढून यायचा, कारण लेकीला भेटायचं होतं. सबंध आयुष्य ज्याच्या शौर्यापुढे ती मान खाली घालून वागली, तो माणूस भिंतीकडे तोंड करून पडला होता, आणि ती स्वयंपाकघरात, मध्ये एक लोटलेलं दार. दोघं भित्रे, एकाच घरात, एकमेकांपासून लपून.

‘मी हे लिहिणार,’ ती म्हणाली.

ताईनं मागे वळून पाहिलं. ‘काय लिहिणार?’

‘जे झालं ते. कोपऱ्यात बसलेले बाबा. कानांवरचे हात.’

‘डोकं फिरलंय तुझं,’ ताई म्हणाली. ‘मी तुला ते खोडायला सांगतेय आणि तू आणखी लिहिणार म्हणतेस. पुढच्या आवृत्तीत ती ओळ काढ, विषय संपला. बाबांनी एवढी वर्षं जे झाकलं ते तू चव्हाट्यावर मांडणार? त्यांना काय वाटलं असतं?’

‘ठाऊक नाही. त्यांना काय वाटायचं हे मला कधीच ठाऊक नव्हतं. तू कळू दिलं नाहीस.’

‘मी तुझ्यासाठी केलं.’

‘केलंस. आणि मी त्यावर अख्खी वाढले. मला तो शूर बाप कधी आवडलाच नाही, ताई. मी त्याला भ्यायची. कुठंही चार माणसांत उभी राहिले की वाटायचं, त्यांनी दारात हात आडवा धरला आणि माझ्या तोंडातून शब्द फुटत नाही. आज चाळीस लोकांपुढे मी त्यांच्या नावानं टाळ्या घेतल्या. एका मुलीनं मला बरोबर पकडलं होतं आणि मी तिला गप्प केलं.’ तिचा आवाज चढला नव्हता. उलट इतक्या सावकाश ती कधी बोलली नव्हती. ‘ती ओळ मी काढणार नाही. ती चांगली ओळ आहे. सतरा वर्षांच्या मुलीनं रस्त्यानं चालता चालता रचलीय. तुझ्या नावानं सांगेन. पण दुसरीही लिहीन. तू रागव, बोलायचं बंद कर. मी लिहिणार.’

‘आणि साहेबांचं?’

‘पाण्याचा ग्लास लिहीन. पाठीवरचा हात लिहीन. पुस्तकाच्या कडेला नाही, मधोमध.’

चहा उतू जायला आला होता. ताईनं गॅस बंद केला, पण कप काढले नाहीत. ती स्टुलावर बसली आणि पदराला हात पुसत राहिली. हात कोरडेच होते. समोरच्या भिंतीवर शाळेनं निरोपाच्या वेळी दिलेला जगाचा नकाशा होता, त्याच्याकडे ती थोडा वेळ बघत होती. बोलली तेव्हा तिचा आवाज शिक्षिकेचा नव्हता.

‘त्यात मी असेन?’

‘असशीलच. तुझ्याशिवाय कशी होईल?’

‘तू लिहिणारच आहेस.’

‘हो.’

‘मग अर्धवट लिहू नकोस,’ ताई म्हणाली. ‘त्यांची पँट ओली झाली होती. साहेबांनी वर्तमानपत्र दिलं, ते पुढं धरून बाबा चालत होते. आम्ही बसमध्ये चढलो. बाबा खिडकीशी बसले, शेजारची जागा रिकामी होती. ते माझ्यासाठी सरकले. आणि मी पुढे निघून गेले. चार बाकं पुढे जाऊन बसले, जशी काही मी त्यांची कुणी नव्हे. कॉलेजातल्या मुली होत्या बसमध्ये. अख्खा प्रवास मी एकदाही मागे पाहिलं नाही. हे आईलाही सांगितलं नव्हतं.’ तिनं श्वास घेतला. ‘ती गोष्ट मी तुझ्यासाठी रचली असं म्हणते मी. उतरल्यावर त्यांच्याशी काहीतरी बोलायला हवं होतं, म्हणून रचली.’

तिला ताईला जवळ घ्यावंसं वाटलं, आणि ते तिनं केलं नाही. केलं असतं तर ताई रडली असती, मग दोघींनी चहा घेतला असता, आणि बसमधली बाबांच्या शेजारची ती जागा तशीच राहिली असती, रिकामी. ती खाली वाकली, ताईच्या स्टुलाजवळ जमिनीवर बसली, चाळीस वर्षांत बसली नव्हती तशी.

‘चार बाकं पुढे,’ ती म्हणाली. ‘तुझ्या शेजारी कोण होतं?’

‘आता ते कसं आठवणार?’ ताई म्हणाली.

ती थांबली. ताईनं डोळे मिटले.

‘एक बाई होती,’ ताई म्हणाली. ‘लोकर विणत होती. हिरवी. थांब जरा, बघते.’